सलाम न करणारी गाडी

माझ्या बाबांना दिसत नव्हतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. समोरच्या खालांना ठाऊक होतं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या भैयाला ठाऊक होतं, दूधवाल्याला आणि भाजीवाल्याला ठाऊक होतं. त्यांच्याच घरात, एका भिंतीपलीकडे झोपणाऱ्या मला तेवढं ठाऊक नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. त्यातून हा दिवा स्वतःला भलताच हुशार समजत होता.

लखनौला मी नोकरीसाठी आले आणि राहिले. शहराबाहेर आमच्या मोटार कंपनीचा कारखाना होता आणि मी नव्या गाड्या तयार करणाऱ्या विभागात होते. महानगर नावाच्या भागात, कपूरथला बाजारापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, तळमजल्याचं एक भाड्याचं घर घेतलं होतं. लग्न केलं नव्हतं आणि करायची घाईही नव्हती. आई गेली तेव्हा बाबा कराडच्या घरात एकटे पडले, म्हणून मी त्यांना घेऊन आले. ते हायस्कुलात भूगोल शिकवायचे. फळ्याकडे न बघता, वर्गाशी बोलत बोलत भारताचा नकाशा काढायचे आणि गुजरातचा टोकदार भाग बरोबर जागेवर यायचा. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तसा त्यांना बऱ्याच गोष्टींचा अभिमान होता.

येताना त्यांनी एक अट घातली होती. "मी माझ्या पायांनी हिंडतोय तोवर राहीन. ज्या दिवशी मला हाताला धरून न्यावं लागेल, त्या दिवशी मी कराडची गाडी धरीन. तुझ्या गळ्यात लोढणं होऊन राहणार नाही." कराडला त्यांचं आता कुणी नव्हतं. पण बाबा बोलले की करणार, हे मला लहानपणापासून माहीत होतं, म्हणून मी नुसती मान हलवली.

त्यांचा दिवस ठरलेला होता. सकाळी मी आवरत असेपर्यंत ते एकटे बाहेर पडायचे, बागेला एक फेरी मारायचे, दूध घ्यायचे, हलवायाकडे उभ्याउभ्या दही-जिलेबी खायचे आणि परत यायचे. दही-जिलेबीचं मला सांगायचे नाहीत, पण मिशीवर पाक असायचा. दिवसभर रेडिओ. पेपर मी संध्याकाळी वाचून दाखवायचे, कारण हल्लीच्या पेपरात वाचण्यासारखं काय असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. डोळ्यांत घालायचे थेंब मी दर महिन्याला औषधाच्या दुकानातून आणायचे. बाटलीवरचं नाव वाचून दुकानदाराला सांगायचे. ते थेंब कशासाठी, हे मी एकदाही विचारलं नाही. म्हातारपणी डोळे कोरडे पडतात, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. आजही औषधाच्या दुकानात उभी राहिले की मला त्या बाटलीची लाज वाटते.

आमची गल्ली फार बोलकी होती. लखनौचे लोक बोलघेवडे, हे मी गृहीत धरलं होतं. बाबा बाहेर पडले की इस्त्रीवाला भैया आपली कोळशाची इस्त्री गाडीवर ठण्णकन आपटून म्हणायचा, मास्टर साहब, नमस्ते, इस्त्रीवाला. अरे, तू इस्त्रीवाला आहेस हे दिसतंय की, असं माझ्या मनात यायचं. खाला त्यांच्या फाटकातून आदाब करायच्या, तेही स्वतःचं नाव घेऊन. खाला म्हणजे मावशी. त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई होत्या आणि सगळी गल्ली त्यांना खालाच म्हणायची. भाजीवाला आमच्या घराजवळ आला की त्याचा आवाज एकदम चढायचा. दूधवाला सायकलची घंटी इतकी वाजवायचा, की एकदा मी दार उघडून त्याला झापलं. सकाळी सकाळी ही घंटी कशाला, लोक झोपलेले असतात, असं बरंच काही बोलले. माझा राग नाकावर, तो काही लपायचा नाही. त्यानं घंटीवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, आदत है दीदी. दुसऱ्या दिवशी घंटी पुन्हा वाजलीच.

ही झाली गल्ली. आता गाडी.

आमची कंपनी तेव्हा विजेवर आणि पेट्रोलवर अशी दोन्हीवर चालणारी मोटार तयार करत होती. रात्री घरच्या सॉकेटला लावायची, सकाळी बॅटरी भरलेली. पहिले काही किलोमीटर विजेवर जायचं आणि बॅटरी संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप चालू व्हायचं. माझं काम होतं आवाज मारण्याचं. साध्या गाडीत इंजिनाच्या घरघरीखाली पुष्कळ काही झाकून जातं. इंजिन बंद झालं की पंखा, पंप, दाराचं रबर, सगळे बोलायला लागतात. पाहुणे गेल्यावर घरातली धुसफूस ऐकू यावी, तसं. मी आणि माझे सहकारी गाडीत कान लावून बसायचो आणि एकेक कुरकुर शोधून तिचा बंदोबस्त करायचो. दोन वर्षं आम्ही हेच केलं. शेवटी गाडी अशी झाली की चालू आहे की बंद, हे आत बसलेल्यालाही दिव्यावरून बघावं लागे. त्या दिवशी मी सगळ्या विभागाला समोसे खाऊ घातले.

आमच्याकडे एक पद्धत होती. चाचणीच्या गाड्या आळीपाळीनं इंजिनिअरांनी घरी न्यायच्या आणि घरच्यासारख्या वापरायच्या. लोकांच्या घरची वीज जाते, व्होल्टेज पडतं, गल्लीत गाय आडवी बसते. हे कारखान्याच्या आवारात कळत नाही. माझी पाळी आली ती हिवाळ्यात, दोन हजार चौदाच्या आसपास. त्या वर्षी लखनौच्या रस्त्यांवर ई-रिक्षांचं पीक आलं होतं. त्याही विजेच्याच, पण त्यांचे पत्रे इतके खुळखुळत आणि चालक कपूरथला, कपूरथला असं इतकं ओरडत, की त्या विजेच्या आहेत हे विसरायला व्हायचं. मी त्यांना नाक मुरडायचे. माझ्या गाडीनं गल्लीत शिरावं आणि पान हलू नये.

रात्री खिडकीतून वायर बाहेर काढून गाडी चार्जिंगला लावायची आणि सकाळी वायर काढायची, हे काम बाबांनी आपण होऊन घेतलं. गाडी पहिल्यांदा फाटकात उभी केली तेव्हा त्यांनी तिच्या अंगावरून तळहात फिरवला. बॉनेटवरून, काचेवरून, दारांवरून, पार मागच्या दिव्यांपर्यंत. मला वाटलं लेकीचं कौतुक करतायत. ते गाडी बघत होते, हे मला आत्ता कळतंय. फिरून झाल्यावर म्हणाले, चांगली लांब आहे, आणि मी फुशारले.

घरी येताना मी एक नखरा करायचे. गाडीत बॅटरी राखून ठेवायचं बटण होतं. मी रस्ताभर पेट्रोल वापरायचे आणि गल्लीच्या तोंडाशी विजेवर यायचे, म्हणजे लोकांनी बघावं. खाला एकदा फाटकात उभ्या होत्या. गाडी त्यांच्यासमोरून गेली तशा हसून म्हणाल्या, की बेटा, तुमची गाडी तर मोठी शरीफ आहे, हूं की चूं करत नाही. मी ती स्तुती ऑफिसात सगळ्यांना सांगितली.

मग ती सकाळ आली. धुकं होतं, पण फार नव्हतं. बाबा दूध घेऊन परत येत होते आणि मी निघाले होते. बॅटरी भरलेली, गाडी मुकी. समोरून एक ठेला येत होता, म्हणून मी बाजूला घेतली आणि माझा डावा आरसा बाबांच्या कोपराला लागला. वेग काहीच नव्हता. पण ते दचकून भिंतीवर आदळले, पिशवी पडली आणि दूध रस्त्यावर सांडलं. मी उतरले. माझी काळजी नेहमी रागाच्या वाटेनं बाहेर पडते. मी ओरडले, "बाबा, बघून चालता येत नाही का? एवढी मोठी गाडी दिसत नाही?"

मराठीतच ओरडले, पण गल्लीला कळायचं ते कळलं. इस्त्रीवाल्याचा हात थांबला. दूधवाला सायकल धरून उभा राहिला. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, सगळे खाली बघत होते. मला वाटलं दुधाकडे बघतायत. बाबा भिंतीला हात लावून सरळ झाले आणि म्हणाले, "चुकलो." हा शब्द मी त्यांच्या तोंडून तोवर कधी ऐकला नव्हता. मला उशीर होत होता, मी त्यांना घरात बसवलं, लागलंय का बघितलं आणि कारखान्यात निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा बाहेर जायचे बंद झाले. गुडघा धरलाय म्हणाले. मी तेल आणलं, पट्टा आणला, थंडी आहे तोवर जपा म्हटलं. ते पट्टा बांधून रेडिओपाशी बसून राहायचे. दूध आता दूधवालाच आत आणून द्यायला लागला. मिशीवरचा पाक गेला. जेवण कमी झालं. एका रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं म्हणाले, कराडचं घर उघडून साफ करायला कुणी मिळेल का. मी म्हटलं उन्हाळ्यात बघू. अट मला आठवत होती. ती आता का निघावी, ते कळत नव्हतं.

खाला एका रविवारी वाटीभर शेवयांची खीर घेऊन आल्या. बाबा आत झोपले होते. खालांनी आधी थंडीचं बोलून घेतलं, मग विजेचं, मग माझ्या तब्येतीचं. लखनौमध्ये मुद्द्याला हात घालायच्या आधी त्याच्या भोवती चांगली प्रदक्षिणा होते. शेवटी म्हणाल्या, "बेटा, आपकी गाड़ी से एक शिकायत है. वो सलाम नहीं करती."

मी हसले. मला वाटलं चेष्टा आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, या गल्लीत मास्टर साहेबांना सगळे सलाम करतात, तोंडानं, आवाज करून. भैया इस्त्री आपटतो, दूधवाला घंटी वाजवतो. तुमची गाडी तेवढी गुपचूप येते. माझा चेहरा बघून त्यांचाच चेहरा उतरला. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आपको नहीं मालूम? उन्हें दिखाई नहीं देता, बेटा."

मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू. कराडलाच सुरू झाला होता, आईला माहीत होतं. इथं आल्यावर उरलंसुरलंही गेलं. आता फार तर उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळत होतं. बाबांनी खालांना एकदा सांगितलं होतं, आणि मुलीला सांगू नका, नाहीतर ती मला घरात बसवील किंवा मला परत जावं लागेल, असं बजावलं होतं. खालांनी शब्द दिला होता. गल्लीत कुणी कुणाला काही सांगितलं नाही, कुणी बैठक घेतली नाही. एकानं नाव सांगून सलाम केला, दुसऱ्यानं पाहिलं, आणि ती गल्लीची रीतच झाली. शब्द मोडल्याचं खालांना इतकं लागलं, की त्या वाटी तिथंच ठेवून निघून गेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. कप भरताना बाबा त्याच्या काठावर बोट का धरतात, ताट मांडलं की भाजी कुठल्या हाताला आहे ते का विचारतात, दिवे गेले तर त्यांना पत्ताच कसा नसतो, हे सगळं एकामागून एक समोर आलं. गाडीच्या दारातली कुरकुर मला दहा हातांवरून ऐकू यायची. घरातला माणूस भिंती चाचपत हिंडतोय हे दिसलं नव्हतं. आणि भर रस्त्यात मी त्यांना म्हणाले होते, दिसत नाही का.

त्यांना जाऊन सांगावं, मला कळलंय, असं मनात आलं. दारापर्यंत गेलेही. पण सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी बॅग काढली असती. शिवाय खालांचा शब्द गेला असता. खरं सांगायचं तर माझी हिंमतच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या लखनौतल्या चौक बाजारात गेले. तिथल्या अरुंद गल्लीत चिकनकारीच्या कपड्यांच्या दुकानांमधे नाचाचं सामान विकणारं एक दुकान होतं, तिथून घुंगरू घेतले. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी, कथ्थक शिकता का. मी म्हटलं, गाडीसाठी. तो लखनवी होता. त्यानं पुढे काही विचारलं नाही, दोन जास्तीचे मात्र बांधून दिले. मी ते गाडीच्या पुढच्या बंपरखाली तारेनं आवळून बांधले. दोन वर्षं ज्या गाडीचा एकेक आवाज मारला, ती छुम छुम करत गल्लीत शिरली. इस्त्रीवाल्या भैयानं इस्त्री उचलून मला सलाम ठोकला. त्यानं आधी कधी मला सलाम केला नव्हता.

बाबा खिडकीत बसले होते. विचारलं, आवाज कसला गं? मी म्हटलं, चाचणी आहे कंपनीची. बरं, म्हणाले. दोन दिवसांनी त्यांचा गुडघा बरा झाला. तेल चांगलं होतं म्हणाले. मिशीवर पाक परत आला, कराडच्या घराचा विषय निघेनासा झाला आणि मला वाटलं, सुटले.

कुठलं सुटायला. पंधरवड्याच्या तपासणीला गाडी कारखान्यात गेली आणि बंपरखालून घुंगरू निघाले. बैठकीत ते टेबलावर ठेवले होते. सगळे हसत होते. कुणीतरी म्हणालं, मॅडमनी बैलगाडी केली. मुद्दा खरा होता; आवाजाच्या मोजमापाचा सत्यानाश झाला होता, आणि तो आवाजाच्याच बाईनं केला होता. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? आमचे साहेब लखनौचेच, कधी आवाज न चढवणारे. बाबांचं नाव घेतलं की सुटका होती, पण ते नाव माझ्या हातात नव्हतं. मी म्हटलं, पायी चालणाऱ्यांना ही गाडी ऐकू येत नाही सर, म्हातारी माणसं दचकतात, हिला काहीतरी आवाज हवा.

हसणं थांबलं. साहेब म्हणाले की बाहेरच्या देशांतही विजेच्या गाड्यांना मुद्दाम आवाज द्यायचा विचार चाललाय. घुंगरू नकोत, पण पुढे एक छोटा स्पीकर लावून बघू. तीन-चार तऱ्हेचे आवाज करा. आणि ऐकायला आपले इंजिनिअर नकोत, त्यांचे कान सरावलेत. वयस्कर माणसं बोलवा. मग माझ्याकडे वळून अगदी आपुलकीनं म्हणाले, आपके पिताजी तो आपके पास ही रहते हैं न? मी नाही कशी म्हणणार होते? त्यात मला एक समाधानही होतं. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधायचं ठरलं होतं.

बाबा कोट घालून आले. निवृत्तीच्या दिवशीचा कोट. आत येताना मी त्यांच्या पुढे चालत होते आणि विनाकारण बडबडत होते, इथे पायरी आहे, हा रंग नवा दिलाय, इकडे वळू या. गल्लीची रीत मला हळूहळू जमायला लागली होती. चाचणीच्या रस्त्याकडेला खुर्च्या मांडल्या होत्या. सहकाऱ्यांचे सासरे, काका, कारखान्यातले एक निवृत्त फोरमन आणि बाबा बसले. काळ्या पट्ट्या बांधल्या. गाडी ऐकू आली की हात वर करायचा आणि कुठून येतेय तिकडे बोट दाखवायचं.

पहिल्या फेऱ्यांत बाकीचे गोंधळले. कुणी झाडाकडे बोट दाखवलं, कुणी गाडी गेल्यावर हात वर केला, आणि आपल्याच फजितीला हसत होते. बाबांचा हात दर वेळी आधी आणि बरोबर दिशेला. साहेब म्हणाले, मास्टर साहब, कमाल है. बाबा इतके खूश झालेले मी आईनंतर पाहिले नव्हते. पट्टी बांधल्यावर सगळे त्यांच्यासारखे झाले होते आणि त्यात ते पहिले आले होते.

जेवणानंतर साहेबांना एक नवी कल्पना सुचली. माणूस नेहमी डोळे मिटून थोडाच बसतो; तो बाकावर पेपर वाचत असतो. तेव्हा पट्ट्या काढा, सगळ्यांच्या हातात पेपर द्या. आवाज बंद ठेवून गाडी बाजूनं आणा आणि कोण कधी मान वर करतो ते बघा. ड्रायव्हर जेवायला गेला होता. साहेब मला म्हणाले, तुम्हीच आणा, हळू आणा. सगळ्यांदेखत कुठल्या तोंडानं नाही म्हणू? कारण काय सांगू? बाबांना वाटत होतं मी आत यंत्रांपाशी आहे.

मी गाडी सुरू केली. म्हणजे दिवा लागला. समोर पाच खुर्च्या आणि पाच पेपर. मी रांगत आणली म्हटलं तरी चालेल. एकेक मान वर होत गेली. फोरमन, काका, सासरे. शेवटच्या खुर्चीतले बाबा पेपर सरळ धरून बसले होते, त्यांची मान वर होईना. मी गाडी त्यांच्यासमोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर थांबवली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. साहेब त्यांच्या खुर्चीशी वाकले आणि हळूच म्हणाले, की मास्टर साहेब, गाडी आली.

बाबांनी पेपर खाली घेतला, नीट घडी घातली. माझ्या काचा उघड्या होत्या. कराडच्या हिंदीत ते साहेबांना म्हणाले, "साहेब, मेरे को दिखता नहीं. चार-पाँच साल हो गए." मग जरा थांबून, आणखी हळू, "मेरी लड़की को मालूम नहीं है. उसको मत बताना."

त्यांचं तोंड बरोबर माझ्याकडे होतं. मी स्टिअरिंग धरून बसले होते, श्वाससुद्धा धरून. साहेबांनी मान वर करून काचेतून माझ्याकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. जे मला सांगता आलं नाही, ते एका परक्या माणसाला, परक्या भाषेत, सहज सांगता आलं होतं. आणि ते मी चोरासारखी, आवाज न करता ऐकत होते. ती गाडी मीच तशी केली होती.

मी गाडी मागे घेतली. तशीच, मुकी. पार वळणापर्यंत मागे नेली. मग स्पीकरचं बटण दाबलं आणि पुन्हा आले, आवाज करत. बाबांनी चटकन हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी थांबले, उतरले, दार जोरात लावलं आणि लांबूनच म्हटलं, "बाबा, मी आले."

ते म्हणाले, झालं का तुझं काम? साहेबांनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, की आज मास्टर साहेबांमुळे आमचं मोठं काम झालं. त्यांनी नजर माझ्याकडे वळवली नाही. बाकीच्यांनीही पेपरांच्या घड्या घातल्या. आमच्या गल्लीची रीत त्या लोकांना न सांगता आली.

परतताना बाबा माझ्या शेजारी बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि रडणं त्यांना ऐकू आलं असतं. कपूरथल्याचा चौक आला. ई-रिक्षावाले ओरडत होते, तेव्हा ते म्हणाले, "गाडीचा तो आवाज काढू नका. राहू दे. म्हाताऱ्या माणसांना बरा पडेल."

"कुणाला?" मी विचारलं.

"समोरच्या खालांना," बाबा म्हणाले. "त्यांना आताशा कमी दिसतं."

खालांना गल्लीच्या त्या टोकाचा मांजा दिसायचा.

"हो बाबा," मी म्हटलं, "त्यांच्यासाठी ठेवू," आणि गल्लीत वळताना स्पीकरचं बटण दाबलं.